एका कामाला एकच शब्द

सासरे आटपाडीकडचं गाव सोडून कायमचे आमच्याकडे साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती, काठी होती आणि घोंगडीच्या खोळीत एक काळं पिल्लू होतं. दहिवडीवरून येणाऱ्या एस.टी.त कंडक्टरला त्याचा पत्ताही लागला नव्हता. दारात उभं राहून त्यांनी खोळ सैल केली आणि माझ्याकडे न बघता माझ्या कडेवरच्या लेकीला म्हणाले, "तुज्या आयला सांग, ह्येला दूध लागंल."

आमचं बोलणं असंच चालायचं. लेक तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची. तिला धड 'आई' म्हणता येत नव्हतं, पण सासऱ्यांचा प्रत्येक निरोप तिच्यामार्फत यायचा आणि माझं उत्तरही तिच्याचमार्फत जायचं. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. सासऱ्यांच्या गुडघ्यांनी दगा दिल्यावर मेंढरं त्यांच्या चुलतभावाच्या कळपात गेली. नवरा सैन्यात, लांब उत्तरेला; वर्षातून एकदा रजेवर यायचा. गोडोलीतल्या दोन खोल्यांत मी, लेक आणि आता सासरे. माझं माहेर वाईचं. आमच्या घरातली मेंढरं दोन पिढ्यांपूर्वीच सुटली होती; वडील कचेरीत कारकून. कुत्रं ओट्यावर चढलं की 'हाड' म्हणायचं, एवढाच माझा कुत्र्यांशी संबंध.

पिल्लाबद्दल मी नवऱ्याला लिहिलं, खरं तर तक्रारच केली. त्याचं उत्तर उलटंच आलं. घरात तू एकटी बाईमाणूस, कुत्रं असलेलं बरं, असं त्याने लिहिलं होतं. त्याच्या छावणीत कुत्री शिकवणारा एक जवान होता, त्याला विचारून त्याने पानभर सूचना दिल्या होत्या. त्यातल्या एका वाक्याखाली दोनदा रेघ मारली होती : एका कामाला एकच शब्द. शब्द बदलायचा नाही, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

मी पाच शब्द ठरवले. बस, थांब, ये, सोड, नाही. लेकीला झोपवून रोज दुपारी मागच्या अंगणात भाकरीचा तुकडा हातात धरून मी त्या पिल्लाला शिकवायला बसायची. आठ दिवसांत ते 'बस' म्हटलं की बसायला लागलं. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पण घरात शब्द माझ्या एकटीचे नव्हते. सासरे चहा घेताना कप पुढे करायचे आणि मी ओतायला लागले की म्हणायचे, "बस बस." पिल्लू टुणकन बसायचं. पहिल्यांदा मला हसू आलं. मग लक्षात आलं की ते दिवसातून वीस वेळा 'बस' म्हणतात. जेवताना बस, कुणाशी बोलताना "आता बस झालं," आणि गावाकडचा कुणी आला की साडेनवाची बस. पिल्लाने थोडे दिवस सगळ्यांना मान दिला, मग कुणालाच देईना. 'नाही'चं तेच. सासऱ्यांचं वाक्य 'न्हाई'वाचून पुरं होत नसे. बोलवायला ते "यू यू यू" करायचे, तोंडातलं सोडायला "टाक" म्हणायचे. माझं 'ये' आणि 'सोड' त्याच्या कानांवरून वाऱ्यासारखं जायचं. ते माझ्या तोंडाकडे बघायचं, मग सासऱ्यांच्या, आणि दोघांच्या मधेच कुठेतरी उभं राहायचं.

एक शब्द मात्र ते एका दिवसात शिकलं. आमच्या घरामागे मोकळे प्लॉट होते, तिथून डुकरं यायची आणि मी लावलेली कोथिंबीर उपटायची. सासऱ्यांनी पिल्लाच्या पाठीवर थाप मारली, डुकराकडे बोट केलं आणि म्हणाले, "छू!" पिल्लू बाणासारखं सुटलं. त्यानंतर डुकरं, कावळे, भटकी मांजरं, सगळ्यांवर छू. लेक ओट्यावर बसून टाळ्या पिटायची.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हे बरं नाही, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण सासऱ्यांना कसं सांगायचं? ज्या माणसाने जन्मभर कुत्री आणि मेंढरं राखली, त्याला वाईच्या कारकुनाच्या मुलीने कुत्र्याशी कसं बोलावं ते शिकवायचं? मी नवऱ्याला लिहिलं, तुम्हीच काय ते तुमच्या आबांना कळवा.

त्याने कळवलंही. पण सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. त्याची पत्रं मीच त्यांना वाचून दाखवायची. त्या दिवशी ते ओट्यावर मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होते. मी वाचत वाचत त्या ओळीशी आले : 'आबांनी छू शिकवू नये, घरात लहान पोर आहे, आणि बाकीचे शब्द तुझेच वापरावेत.' ती ओळ माझ्या तोंडून निघेना. जणू मीच ती त्याच्याकडून लिहून घेतली आहे असं त्यांना वाटेल, आणि ते खरंच होतं. मी ती ओळ गाळली आणि तिकडे थंडी फार पडली आहे, तिथून पुढे वाचलं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. पिल्लू आता सात महिन्यांचं, छातीला भरलेलं. सकाळी अकराच्या सुमाराला शेजारच्या काकू पातेलीत उकडलेल्या शेंगा घेऊन आल्या. काकूंचे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. माझ्या बाळंतपणानंतर माहेरची माणसं परत गेल्यावर दीड महिना लेकीला न्हाऊ घालायला काकूच यायच्या. कुत्रंही त्यांना रोज बघायचं, शेपूट हलवायचं.

काकूंनी फाटक उघडलं. लेक उंबऱ्यात बसली होती, कुत्रं तिच्या शेजारी. काकूंना बघून तिला आनंद झाला. तिने टाळी वाजवली, हात त्यांच्याकडे केला आणि म्हणाली, "छू!"

मी दोन हातांच्या अंतरावर होते, तरी मला हलता आलं नाही. कुत्रं उठलं आणि गेलं. पातेली खडीवर आपटली, शेंगा उडाल्या, काकूंची किंकाळी आली. त्याने आधी निऱ्या धरल्या होत्या, मग पोटरी.

"नाही! सोड! थांब! इकडं ये!" मी एका दमात सगळे शब्द ओरडले. त्याने एकही ऐकला नाही.

सासरे मागच्या बाजूने भिंतीला धरत आले. ओरडले नाहीत. खालच्या आवाजात एकदाच म्हणाले, "टाक."

त्याने पोटरी सोडली आणि कान पाडून उभं राहिलं.

रिक्षातून मी काकूंना सरकारी दवाखान्यात नेलं. तेव्हा कुत्रं चावलं की बेंबीभोवती इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक, चौदा दिवस. डॉक्टरांनी जखम साबणाने धुवून घेतली, पहिली सुई दिली आणि मला म्हणाले, "कुत्रं मारू नका, सोडूही नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस नजर ठेवा. पाणी पितंय का, खातंय का, लाळ गळतीय का. दहा दिवस धड राहिलं तर पुढची इंजेक्शनं थांबवू. त्याला काही झालं तर ताबडतोब इथं यायचं."

परतताना रिक्षात काकूंनी पोट धरलं होतं. त्या म्हणाल्या, "रोज ओळखतंय गं मला. असं कसं चावलं?"

मी म्हणाले, "काय माहीत, काकू."

एवढंच बोलले मी. ते खोटं होतं. 'छू' फक्त मी ऐकलं होतं. सासऱ्यांना ऐकू गेलं नव्हतं, काकूंना ती टाळी पिटणारी लेक तेवढी दिसली होती.

घरी आले तर सासऱ्यांनी कुत्रं पेरूच्या झाडाला साखळीने बांधलं होतं. लेक मधे नसताना ते पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलले.

"तू हुतीस न्हवं तितं? कुणी दगूड मारला त्येला?"

"नाही, मामा."

"शेपूट तुडावली?"

"नाही."

"पोरीला वढलं का त्या बाईनं?"

"नाही."

"मग ते वांडच निगालं," सासरे म्हणाले. "आमच्यात इनाकारण माणसाला धरल्यालं कुत्रं ठेवत न्हाईत. धा दिस हुं दी. मंग मी माज्या हातानं बगतो."

ते काय बघणार होते ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

आता इथे खरं ते लिहायला हवं. मला वाईट वाटलं, पण त्या वाईटाच्या तळाशी थोडी सुटकाही होती. कुत्रं जाईल, छू जाईल, सासऱ्यांना काही सांगावं लागणार नाही. दहा दिवस गप्प बसलं की झालं.

ते दहा दिवस सोपे नव्हते. उठल्याबरोबर पहिलं काम म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाडग्यात पाणी ओतून लांबून बघत राहायचं. जीभ बाहेर आली का, घोट उतरला का. कुंपणापलीकडून सुभेदारकाका सकाळ-संध्याकाळ विचारायचे, "प्यालं का?" मी हो म्हटलं तरी ते स्वतः येऊन बघून जायचे. काकू रोज सुई घ्यायला जायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पदर बाजूला करून मला पोट दाखवलं. जागोजागी गाठी आल्या होत्या. "कुशीवर झोपता येत नाही," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी कुत्र्याने भाकरीला तोंड लावलं नाही. दुपारपर्यंत तुकडा तसाच, मुंग्या लागलेला. पाण्याकडेही त्याने मान वळवली. मी काकूंना काही बोलले नाही, सासऱ्यांना सांगितलं. ते ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. चावल्यापासून ते त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते, त्याच्याकडे बघतही नव्हते. मी लेकीला आतल्या खोलीत कोंडलं आणि दर पाच मिनिटांनी खिडकीशी जात राहिले. कुत्रं जमिनीला हनुवटी टेकून सासऱ्यांकडे बघत पडलं होतं. लाळ दिसत नव्हती, पण मला प्रत्येक वेळी दिसल्यासारखी वाटायची. दिवे लागायच्या वेळेला ते उठलं आणि अर्धा वाडगा पाणी प्यालं. मी तिथेच चुलीपुढे खाली बसले आणि रडले.

पाचव्या दिवशी दूधवाला फाटकाशी आला. लेक माझ्या कडेवर होती. तिने बोट केलं आणि खुशीत ओरडली, "छू!"

कुत्र्याने अशी झेप घेतली की साखळी ताणली, पट्टा गळ्यात रुतला आणि ते उलटं पडलं. उठून परत झेप. परत पडलं. मी लेकीच्या तोंडावर हात दाबला, जरा जास्तच जोराने. ती घाबरून रडायला लागली. तिच्या ओठाला माझी बांगडी लागून बारीक ओरखडा आला.

तो ओरखडा बघितला आणि आपण काय करतो आहोत ते मला कळलं. पावणेदोन वर्षांच्या पोरीचं तोंड मी दाबत होते, कारण माझं स्वतःचं उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे चहा घेत असताना मी डब्यातून ते पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर बसले.

"मामा, हे पत्र मी तुम्हाला पुरं वाचून दाखवलं नव्हतं."

मी ती ओळ वाचली. मग 'छू'चं सांगितलं, टाळीचं सांगितलं, कालच्या दूधवाल्याचं सांगितलं.

चहा गार झाला. शेवटी सासरे म्हणाले, "म्हंजे त्येनं चुकीचं कायबी केलं न्हाई."

"नाही."

"सांगितल्यालं ऐकलं त्येनं."

"हो."

"आन् मी त्येला मारणार हुतो." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, तू मला सांगायचंस की गं. मी काय वाघ हाय?"

ते उठले, पटका बांधला, काठी घेतली आणि फाटकाबाहेर पडून शेजारी गेले. मी कुंपणाशी उभी राहिले. सुभेदारकाका अंगणात खुर्चीवर होते, काकू आत.

"वैनीस्नी बलवा," सासरे म्हणाले. काकू दारात आल्यावर त्यांनी हात जोडले. "चूक माजी हाय. कुत्र्याला छू म्या शिकीवलं. आमची नात बोलली, तवा त्यानं धरलं. कुत्रं पिसाळल्यालं न्हाई."

सुभेदारकाका ताडकन उठले. "सहा दिवस पोटात सुया घेतेय ती! आणि आज सांगताय?"

"मला आजच कळालं."

काकूंनी सासऱ्यांकडे बघितलंच नाही. त्यांची नजर कुंपणावरून माझ्याकडे आली. "तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रिक्षात विचारलं होतं मी तुला."

त्या आत गेल्या. दार मोठ्याने लावलं नाही, हळूच लावलं.

त्याच दिवशी दुपारी सासऱ्यांनी मला अंगणात बोलावलं. "सांग आता. कंचं कंचं शब्द ठरीवलंस तू?"

मी पाचही सांगितले. त्यांनी एकेक शब्द तोंडात घोळवून बघितला. "बस नगो. मी दिसात धा येळा म्हणतो, मला सुटायचं न्हाई. 'खाली' म्हणू."

"आणि 'ये'?"

"त्येला यू यू ठावं हाय. तुला म्हणाया लाज वाटती का?"

वाटत होती. कॉलनीत, फाटकाशी उभं राहून "यू यू यू" ओरडायची मला भयंकर लाज वाटत होती. तरी मी हो म्हणाले. 'सोड'ऐवजी त्यांचं 'टाक' ठेवलं. 'थांब' माझं राहिलं. 'नाही'ची जागा 'अंहं'ने घेतली, कारण 'न्हाई' त्यांना टाळता येणार नव्हतं हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

"आणि छू?" मी विचारलं. "तो शब्द घरात कुणी उच्चारायचाच नाही, असं करू."

"पोरगी बोलनारच. गल्लीतलं कुणीबी बोलंल. एकदा दिल्याला शब्द काडून घेता येत न्हाई. त्येला दुसरं काम द्याचं."

ते पेरूखाली बसले, साखळीच्या टप्प्यात. बांधल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्याला हात लावला. ते इतकं थरथरत होतं की साखळी वाजत होती. त्यांनी भाकरीचा तुकडा त्याच्या नाकाशी धरला, अगदी हळू "छू" म्हणाले, लगेच "खाली" म्हणाले, आणि ते बसल्याबरोबर तुकडा दिला. परत तेच. पुन्हा तेच. पहिल्या दिवशी 'छू'ला ते उसळायचं आणि 'खाली'ला गोंधळायचं. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचा 'छू' ऐकून ते भाकरीकडे बघायला लागलं. मग मी तसंच करायचे, त्याच आवाजात, त्याच अंतरावर. मी कधी घाईत दोनदा "खाली, खाली" म्हणाले की सासरे म्हणायचे, "एकदाच. दुसऱ्यांदा म्हणलीस की पैला वाया गेला."

दहा दिवस पुरे झाले. कुत्रं धडधाकट होतं. डॉक्टरांनी काकूंची इंजेक्शनं थांबवली. पण त्याला मोकळं सोडायचं आमच्या दोघांच्याही मनात नव्हतं. आणखी तीन आठवडे ते दोरीवर राहिलं, आणि दोरीचं टोक कायम दोघांपैकी एकाच्या हातात.

एका दुपारी टोक माझ्या हातात होतं. सासरे ओट्यावर. पोस्टमन फाटकाशी आला, त्याने सायकलची घंटी वाजवली. लेक अंगणात खेळत होती, तिने मान वर केली. मला दिसलं की ती आता बोलणार. दोरीला हिसडा द्यावा असं मनात आलं, पण सासऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"छू!" लेक म्हणाली.

कुत्रं उठलं. मानेवरचे केस उभे राहिले. ते पोस्टमनकडे बघत होतं आणि दोरी अजून सैल होती. पोस्टमन तसाच सायकल धरून उभा. मग कुत्र्याने मान फिरवली, माझ्याकडे बघितलं, आणि कुणी काही न सांगता बसलं. भाकरीसाठी तोंड वर करून.

माझ्याकडे भाकरी नव्हती. दोरी सासऱ्यांच्या हातात देऊन मी घरात पळाले, अख्खी भाकरी आणून त्याच्यापुढे ठेवली. सासरे म्हणाले, "येवडी कशाला? तुकडा बस झाला." आणि 'बस' ऐकून ते काहीच करत नाही हे बघून आम्ही दोघंही हसलो.

कुत्रं बरीच वर्षं जगलं. पुन्हा कुणाला चावलं नाही. सासरे माझ्याशी सरळ बोलायला लागले, कधीकधी तर नको इतकं. पण काकू आमच्या फाटकाच्या आत आल्या नाहीत. संक्रांतीला मी हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझी ओटी भरली, वाण दिलं, लेकीच्या हातावर तिळगूळ ठेवला. निघताना मी म्हणाले, "काकू, आता ते अगदी शहाणं झालंय, या ना घरी."

"कुत्र्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "ते मुकं जनावर. त्याने सांगितलेलं केलं."

पुढचं त्या बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. त्यानंतर मी रोज काही ना काही निमित्ताने त्यांच्याकडे जात राहिले. कधी त्यांच्या दुखऱ्या पायाला तेल चोळून द्यायला, कधी नुसतंच बसायला. पुढच्या दिवाळीनंतर एकदा त्या फाटकापर्यंत आल्या आणि बाहेरूनच कडी वाजवून मला हाक मारली. मी बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलले. आत कधी यायचं ते त्यांनीच ठरवायचं होतं; आत या असं त्या दिवशी मी म्हणाले नाही.